आयर्विनला किती, डाव्या डोळ्याला किती

जुलैचा दुसरा पंधरवडा लागला की सांगलीहून भाच्याचा सकाळचा मेसेज नेमाने येतो. त्यात नमस्कार नाही, खुशाली नाही, नुसता आकडा. 'मामा, २४.' दुसऱ्या दिवशी 'मामा, २९.' आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी किती फुटांवर आहे, ते. तो सांगलीच्या गावभागात राहतो, मी कराडात. मी त्याला वरचा आकडा पाठवतो, कोयनेतून किती सोडलंय तो. पावसाळ्यात मामा-भाच्यांमधलं निम्मं बोलणं असं आकड्यांतच होतं.

सांगलीत हा आकडा शाळेतल्या पोरालाही कळतो. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. चाळिशी जवळ आली की माझी आक्का कुणाला विचारत बसत नाही. धान्याची पिंपं माळ्यावर जातात, गॅसची टाकी वर जाते, भाचा मोटरसायकल विश्रामबागेत मित्राच्या दारात नेऊन लावतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा एवढं करूनही काही वाचलं नाही, ती गोष्ट वेगळी. पण कुठल्या आकड्याला काय करायचं, हे त्या घरात ठरलेलं आहे.

गेली दोन वर्षं मी भाच्याला पाठवतो त्या मेसेजात आणखी एक आकडा असतो. 'पायथा वीजगृह १०५०. डावा ६/२४.' पहिला क्युसेकचा. दुसरा माझ्या डाव्या डोळ्याचा.

मी पाटबंधारे खात्यातून २०११ साली निवृत्त झालो. नोकरी तशी कारकुनाची, पण पावसाळ्यात नदीकाठच्या मोजपट्टीवर पाणी वाचायची पाळी असायची. एरवी सकाळी आठला एकदा, पूर चढला की तासातासाला. रात्री दोन वाजता डोक्यावर घोंगडं, हातात बॅटरी. पट्टीवरचा आकडा वाचायचा, वहीत लिहायचा आणि वायरलेसवर खाली कळवायचा. एका पावसाळ्यात मी वाचून, लिहून, चहा प्यायला बसलो आणि कळवायचं अर्ध्या तासाने आठवलं. साहेबांनी दुसऱ्या दिवशी वही समोर आपटली. "कळवलं नाही म्हणजे वाचलंच नाही," म्हणाले. तेव्हा राग आला होता. आता पटतं, आणि का पटतं ते सांगण्यासाठीच हा लेख आहे.

दोन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत अंघोळ करताना उजव्या डोळ्यात साबण गेला. तो मिटून डाव्याने खिडकीकडे पाहिलं तर ग्रिलच्या मधल्या दोन गजांना बाक आलेला. ग्रिल नवीन होतं, दिवाळीत बसवलेलं. मी अंग पुसून पहिला फोन फॅब्रिकेटरला केला आणि चांगलं झाडलं. बिचारा संध्याकाळी आला, गजाला पाणसळ लावली, म्हणाला, "काका, गज सरळ आहे. तुम्हीच बघा." मी दोन्ही डोळ्यांनी पाहिलं. सरळ होता.

मला तिथेच कळायला हवं होतं. नाही कळलं. चष्म्याचा नंबर बदलला असेल म्हणून सात आठवडे काढले. उजवा डोळा चांगला असला की तो डाव्याची चूक झाकतो, थोरल्या भावाने धाकट्याची झाकावी तशी. दोन्ही उघडे ठेवून पेपर वाचता येतो, एसटीची पाटी वाचता येते, मग माणूस डॉक्टरकडे जातो कशाला?

शेवटी सांगलीला दाखवलं. डोळ्यात थेंब घालून, ओसीटी नावाचा स्कॅन काढून डॉक्टरांनी सांगितलं, "पडद्याखाली पाणी आहे." पडदा म्हणजे दृष्टिपटल, आणि त्याच्या बरोबर मधे बारीक नजरेची जागा असते, पीतबिंदू. वय झालं की काहींच्या पीतबिंदूखाली नको असलेल्या कच्च्या रक्तवाहिन्या उगवतात, त्या झिरपतात आणि वरचा पडदा उचलला जातो. मला लगेच आक्काच्या घरची फरशी आठवली. २०१९ चा पूर ओसरल्यावर आम्ही गाळ काढायला गेलो तेव्हा मधल्या खोलीतल्या शहाबादी फरश्या फुगून वर आल्या होत्या. खाट ठेवली तर डुगडुगत होती. माझ्या डोळ्यातली फरशी तशीच उचललेली, म्हणून सरळ गज वाकडा दिसत होता. मोतीबिंदू गावात सगळ्यांना माहीत, काचबिंदू निम्म्यांना. याला आमच्याकडे नावच नाही. डॉक्टर 'वेट एएमडी' म्हणतात. घरी सगळे 'पडद्याचं' म्हणतात.

इलाज आहे, इंजेक्शनचा. डोळ्यातच देतात. ऐकून जेवढं भ्यायला होतं तेवढं दुखत नाही. पण एकदा देऊन भागत नाही. आधी महिन्याला एक, मग पाणी आटेल तसं अंतर वाढवत न्यायचं. अंतर वाढवताना पाणी पुन्हा भरलं तर ते लवकर सापडायला हवं. उशीर झाला की खालची जागा जून होते आणि गेलेली नजर परत येत नाही. म्हणजे दोन भेटींच्या मधल्या सहा-आठ आठवड्यांत पहारा घरीच द्यायचा. तिथे फोन आला.

लेकीने साताऱ्याहून येऊन फोनवर दोन ॲप घालून दिली. एक 'पीक अक्युइटी'. अँड्र्यू बॅस्टॉरस नावाच्या ब्रिटिश नेत्रतज्ज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी केनियातल्या नाकुरूच्या खेड्यांत माणसांचे डोळे तपासताना ते वापरून पाहिलं. दवाखान्यातल्या तक्त्याशी त्याचं माप बऱ्यापैकी जुळतं, असं त्यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलं. त्यात वाचायला काही नाही. इंग्रजी ई हे अक्षर कधी उजवीकडे तोंड करून, कधी खाली, कधी वर असं दिसतं, आणि तोंड कुठे आहे ते बोटाने दाखवायचं. निरक्षर माणसालाही जमेल. केनियासाठी केलेलं यंत्र कराडात चालतं ते एवढ्यामुळे.

आमची सकाळची तपासणी अशी : मी सोप्याच्या भिंतीला पाठ लावून खुर्चीवर. तिथून सुतळीने मोजून दोन मीटरवर फरशीला खडूची रेघ. रेघेवर बायको, हातात फोन, पडदा माझ्याकडे. उजव्या डोळ्यावर मी तळहात धरतो. बोट लावलं तर फटीतून दिसतं आणि आपण नकळत चोरी करतो. मी बोट दाखवतो तिकडे ती फोनवर बोट फिरवते. मला दिसेनासं झालं की फोन हलवायचा, म्हणजे यंत्राला कळतं. सुरुवातीला ती माझ्यावरच वैतागायची. "अहो, नीट दाखवा ना. हे वर आहे का उजवीकडे?" आता तिला माझ्या बोटाच्या रेंगाळण्यावरून कळतं की आजचा आकडा उतरणार. यंत्राला ते कळत नाही. आठवड्यातून दोनदा, खिडकी उघडी, ट्यूब चालू, चष्मा तोच. उजेड बदलला की आकडा बदलतो, आणि मग पाणी चढलं की पट्टी हलली ते सांगता येत नाही.

दुसरं ॲप चौकटींचं. स्वित्झर्लंडच्या मार्क आम्सलर या डॉक्टरने गेल्या शतकाच्या चाळिशीत ही चौकट काढली. दहा सेंटिमीटर लांब, दहा रुंद, आत पाच-पाच मिलिमीटरची चारशे घरं, मधोमध ठिपका. एक डोळा झाकून, वाचायचा चष्मा घालून, साधारण वीतभर-दीड वीत लांब धरून ठिपक्याकडे पाहायचं. आजूबाजूची रेघ वाकडी, तुटकी, पुसट दिसली की डॉक्टरकडे. ऐंशी वर्षं झाली, दवाखान्यात अजून तीच चौकट देतात.

फोनवाल्यांनी तिच्यात सुधारणा केली. मी फूटपट्टी लावून मोजलं. माझ्या फोनचा पडदा पावणेसात सेंटिमीटर रुंद. दहा सेंटिमीटरची चौकट त्यात मावणार कशी? ॲपने ती दाबून बसवलेली. मग त्याच अंतरावर धरली तर पीतबिंदूच्या कडेचा भाग तपासलाच जात नाही. जवळ धरावी तर म्हाताऱ्या डोळ्याला धूसर. शिवाय खाली एक जाहिरात हलत असते, पंधरा दिवसांत चष्मा घालवा म्हणणारी. आणि ॲप माझ्या फोनमधले सगळ्यांचे नंबर बघायची परवानगी मागत होतं. चौकट दाखवायला माझ्या व्याह्यांचा नंबर कशाला लागतो? ते काढून टाकलं. डॉक्टरांनी दिलेला चौकटीचा कागद गोदरेजच्या कपाटावर चिकटवलाय, रोज सकाळी देवपूजेआधी बघतो. एवढ्यापुरता कागद फोनला भारी आहे.

फोन भारी आहे तो आठवणीत. कागदावर काल काय दिसलं ते आज आठवत नाही, आणि माणूस स्वतःला फार सवलत देतो. 'कालही असंच होतं' म्हणतो. फोनमध्ये तारखेसह आकडा पडतो. मार्चमध्ये ६/१८, एप्रिलमध्ये ६/१८, मे महिन्यात एकदा ६/२४; खालचा आकडा वाढला की नजर उतरली. तीच माझी जुनी गेजवही झाली. गेल्या वर्षी जूनच्या सुरुवातीला सलग दोनदा ६/३६ पडलं आणि कपाटावरच्या चौकटीत ठिपक्याच्या डावीकडची तीन घरं चेपलेली दिसली. बायको म्हणाली, "आत्ताच्या आत्ता फोन लावा."

लावला. कुठे ते सांगत नाही, सांगून उपयोगही नाही, कारण दुसरीकडे वेगळं झालं असतं असं मला वाटत नाही. काउंटरवरची मुलगी गोड बोलली. "काका, तुमची तारीख १९ आहे ना? मग १९ लाच या." मी म्हटलं, आकडा उतरलाय, रेघा वाकल्यात. "आकडा कुठे बघितला?" फोनवर. "ॲपचं काही धरायचं नाही काका. तसं सगळ्यांनाच वाटतं." मी नोकरी सरकारी केलेली. समोरच्याने तारीख सांगितली की ती पाळायची सवय. अकरा दिवस थांबलो.

१९ ला सकाळी कराडहून पेठनाका, आष्टा करत सांगली. पंचाहत्तरच्या आत असल्यामुळे अर्धं तिकीट. स्कॅनमध्ये पाणी भरलेलं. डॉक्टर स्कॅनकडे बघत म्हणाले, "लगेच का नाही आलात?"

मी काउंटरकडे बघितलं. ती मुलगी पुढच्या पेशंटला थेंब घालत होती. तिच्यावर राग काढण्यात अर्थ नव्हता. तिला कुणी सांगितलेलंच नव्हतं की असा फोन आला तर काय करायचं. डॉक्टर पेशंटला म्हणतात 'घरी लक्ष ठेवा, बदल वाटला तर लगेच या', आणि त्या 'लगेच'ची वही काउंटरवर नसते. आक्काच्या घरी ४० ला काय करायचं ते ठरलेलं आहे, दवाखान्यात ६/३६ ला काय करायचं ते नाही. इंजेक्शनं पुन्हा महिन्यावर आली. गेलेल्यातली एक ओळ परत मिळाली. सगळं मिळालं नाही. आज मी ६/२४ ला खूश असतो.

पेशंटने ॲप वापरू नये, असं यावर कुणी म्हणेल. त्या मुलीचं म्हणणंही अगदी चूक नव्हतं. ब्रिटनमध्ये 'मोनार्क' नावाचा अभ्यास झाला, निष्कर्ष २०२४ मध्ये आले. माझ्यासारखेच, इंजेक्शनं चाललेले वयस्क पेशंट, घरी करायच्या तीन प्रकारच्या चाचण्या, एक कागदाची आणि दोन यंत्रावरच्या. पाणी पुन्हा भरलंय का हे खात्रीने सांगेल अशी तिघींतली एकही निघाली नाही. मला ते वाचून आश्चर्य वाटलं नाही. मेंदू लबाड असतो, चौकटीतलं भोक तो स्वतःच भरून टाकतो आणि रेघ सलग आहे म्हणून सांगतो. पाणी थोडं असेल तर नजर टिकूनही राहते. स्कॅनची जागा फोन घेणार नाही. मीही घेऊ देणार नाही.

पण त्याच्या दहा वर्षं आधीची अमेरिकेतली एक गोष्ट आहे. तिथे दीड हजारावर माणसं घेतली, आजार अजून ओला न झालेली, पण होण्याचा धोका असलेली. निम्म्यांना घरी एक यंत्र दिलं, रोज काही मिनिटं त्यात बघायचं. आजार ओला झाल्याचं सापडलं तेव्हा यंत्रवाल्यांची नजर साधारण चार अक्षरांनी उतरलेली होती, बाकीच्यांची नऊ. पाच अक्षरं म्हणजे तक्त्यावरची अख्खी एक ओळ. यंत्र चांगलं होतंच, माझ्या फोनपेक्षा पुष्कळ तरबेज. पण मला त्यातली वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. यंत्रातला आकडा आपोआप एका केंद्रावर जायचा, तिथे माणसं बसलेली असायची, आकडा बिघडला की केंद्र डॉक्टरला कळवायचं आणि पेशंटला बोलावणं जायचं. पेशंटला काउंटरवर हुज्जत घालावी लागत नव्हती. आमच्या भाषेत, वाचायला एक, वायरलेसवर एक आणि दरवाजे उघडायला एक.

आपल्याकडे ॲपची चर्चा होते ती सगळी पहिल्या माणसाची. नवं ॲप, नवी एआय, फोनला भिंग लावून पडद्याचा फोटो. मुंबईत महापालिकेच्या दवाखान्यांत असा फोटो काढून मधुमेहींचे पडदे तपासल्याचा प्रयोग झालेला आहे, चांगला झाला. देशात दहा कोटींवर मधुमेही आहेत, असं आयसीएमआरच्या २०२३ च्या पाहणीत आलं. त्यांच्यातल्याही काहींच्या पडद्याला सूज येते, त्यांनाही हीच इंजेक्शनं लागतात. मी एकटा नाही. पण फोटोत सूज दिसली तर कोरेगावच्या नाहीतर जतच्या माणसाने कुठल्या दारात, किती दिवसांत उभं राहायचं? जतहून सांगली म्हणजे त्याचा अख्खा दिवस, सोबत एक माणूस, दोघांचा रोज बुडालेला. डोळ्यात थेंब घातल्यावर एकट्याला परत जाता येत नाही. एवढं करून 'तारखेलाच या' ऐकायचं असेल तर तो पुढच्या वेळी आकडा बघणारच नाही, आणि त्याचं बरोबर असेल.

सांगली-मिरजेला डॉक्टरांची वाण नाही. वॉनलेस डॉक्टरांनी १८९४ मध्ये मिरजेत दवाखाना काढला तेव्हापासून कर्नाटकातून, कोकणातून माणसं इथे येतायत. साताऱ्यात, कराडात सोयी वाढल्यात. पडद्याचे तज्ज्ञ दोन्ही जिल्ह्यांत बसतात. म्हणून माझं मागणं मोठं नाही, पैशाचंही नाही. प्रत्येक पडद्याच्या दवाखान्याने पेशंटच्या फाइलला एक मराठी चिठ्ठी लावावी. त्याच्या डोळ्याचा नेहमीचा आकडा किती. किती उतरला तर इशारा, म्हणजे दुसऱ्या दिवशी त्याच उजेडात पुन्हा मोजायचं. किती उतरला, किंवा कुठली रेघ नव्याने वाकली, तर धोका, म्हणजे दोन दिवसांत स्कॅन, तारीख असो नसो. अचानक काळा पडदा सरकल्यासारखं झालं किंवा विजा चमकल्या तर त्याच दिवशी. आणि रोजच्या वहीत दोन जागा अशा पेशंटसाठी मोकळ्या ठेवाव्यात. गावातल्या आरोग्य उपकेंद्रात बसणाऱ्या सीएचओ ताईकडे टॅबलेट आहे, ई-संजीवनीवर ती डॉक्टरांशी बोलते. ज्यांच्या घरी फोन धरायला माझ्या बायकोसारखं माणूस नाही, त्यांचा आकडा तिने वाचावा आणि कळवावा. सुतळी आणि खडू मी देतो.

"प्रत्येक जण रोज फोन करेल, मग काम कसं करायचं?" असं एक डॉक्टर मला म्हणाले. करतील, पहिले दोन महिने. सांगलीत २०१९ नंतरच्या पावसाळ्यात लोक ३० फुटांनाच पिंपं उचलत होते. नंतर सरावले.

माझ्या डॉक्टरांना हे सगळं मी ऑक्टोबरच्या भेटीत सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, हसले नाहीत. मी घरून चिठ्ठी छापून नेली होती, तीन ओळींची. पहिल्या ओळीत त्यांनी इशाऱ्याचा आकडा लिहिला. दुसऱ्या ओळीत धोक्याचा, आणि खाली सही केली. तिसरी ओळ होती, 'या नंबरवर कळवावे.' तिथे पेन थांबलं. थोडा वेळ विचार केला आणि काउंटरचाच नंबर लिहिला.